पत्रा तडकतो तो भोकापायी, पण ड्रिलखाली नव्हे

पडवीवर नाहीतर गोठ्यावर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा टाकला, आणि उन्हाळ्यात स्क्रूभोवती चिरा पडल्या की शिव्या ड्रिलवाल्याला बसतात. बहुतेक वेळा त्यानं भोक पाडलं बरोबर, फक्त लहान पाडलं.

पॉलिकार्बोनेट मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०६५ मिमी फुगतं, लोखंड त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं. परभणीत थंडीतली पहाट १० अंशांची, मेच्या उन्हात पत्रा सहज ६० वर. १० फुटी पत्र्यात हा फरक जवळपास १ सेंमी होतो. खालचा लोखंडी अँगल तेवढा सरकत नाही. सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत शिरणारा) स्क्रू थेट पत्र्यातून ठोकला असेल, तर पत्र्यानं सरकायचं कुठं?

म्हणून ५.५ मिमी स्क्रूला पत्र्यात १० मिमीचं भोक पाडा, अँगलमध्ये मात्र स्क्रूच्याच मापाचं. कडेपासून ४० मिमी आत, आणि नालीदार पत्रा असेल तर उंचवट्यावर. खोलगटात पाणी थांबतं. स्क्रू भोकाच्या मधोमध यावा. वर २५ मिमीचा वायसर, त्याखाली ईपीडीएम (उन्हापावसात टिकणारं) रबर. मऊ पीव्हीसीचे वायसर नकोत, त्यातून झिरपणारं द्रव्य पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतं. डोक्याची खालची बाजू चपटी असलेलाच स्क्रू घ्या. काउंटरसंक, म्हणजे खाली निमुळतं होणारं डोकं पाचरीसारखं शिरतं.

आता भोक. ड्रिलचा हॅमर मोड बंद, वेग कमी, खाली लाकडी फळी घट्ट दाबलेली. आधी ३ मिमी, मग स्टेप बिट (पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद होत जाणारं). साधं धातूचं बिट वापरायचं तर त्याच्या कापणाऱ्या कडेची पुढची बाजू धारेच्या दगडावर किंचित घासून सपाट करा. नव्या बिटाची धार प्लॅस्टिकमध्ये घुसते, स्वतःला आत ओढते आणि बाहेर पडताना टवका उडवते. अ‍ॅक्रिलिकला हे हमखास होतं, त्यामुळे दुकानाच्या पाटीपुरतं ते ठीक, छपराला नको. बिटाला चिकट गोळा लागला तर प्लॅस्टिक वितळतंय. बिट बाहेर काढा, थंड होऊ द्या.

स्क्रू हातानं आवळा. रबर जरासं दबलं की बस. वायसरखाली पत्रा खोलगट दिसला तर अर्धा आटा सैल करा. मार्करच्या खुणा थिनरनं पुसायच्या नाहीत, साबणाचं पाणी पुरतं.

चीर आधीच पडली असेल तर तिच्या अगदी टोकावर ३ मिमीचं भोक मारा, पुढं जाणं थांबतं. मग वरून सिलिकॉन, पण न्यूट्रल क्युअरचंच; व्हिनेगरसारखा वास येणारं नको.