पंचेचाळीस मिनिटं तीच, चाल वेगळी

सकाळी सहाला बाहेर पडायचं, कॉलनीला ठरलेल्या फेऱ्या मारायच्या, पावणेसातला घरी. वर्षानुवर्षं असं फिरणाऱ्यांची एक तक्रार असते: सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत दम लागणं कमी झालं, अंग हलकं वाटू लागलं, आणि मग सगळं जागच्या जागी थांबलं. यात तुमचं काही चुकलेलं नाही. हृदय, फुप्फुसं आणि पायांचे स्नायू अंगावर पडणाऱ्या कामापुरतेच तयार होतात. ते काम सवयीचं झालं की फिरण्याने कमावलेलं टिकतं, पण नव्याने काही मिळत नाही. टिकणंही मोलाचं आहे, म्हणून रोजचं फिरणं सोडू नका. त्याच पाऊण तासात काय बदलता येईल ते बघा.

बहुतेक जण अंतर वाढवतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा उपाय. वेळ जास्त लागतो, आणि त्याच सांध्यांवर तोच भार आणखी वेळ पडतो. दहा हजार पावलांचा हट्टही सोडून द्या. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पावलं वाढली तसा मृत्यूचा धोका घटत गेला, पण साधारण साडेसात हजारांनंतर फारसा फरक उरला नाही.

आधी आपली आजची चाल मोजा. नेहमीच्या वेगाने चालताना १५ सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजून चारने गुणा. मिनिटाला १०० च्या आसपास पावलं पडत असतील तर ती बऱ्यापैकी भरभर चाल झाली. ८०-८५ असतील तर तुम्ही रमतगमत चालता आहात. गप्पा मारत चालणाऱ्या गटाचा वेग हळूहळू सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या वेगावर येऊन ठेपतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिला बदल फुकटचा आहे: फेरी उलट्या दिशेने मारा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने चाललं की एक पाय कायम किंचित खालच्या पातळीवर पडतो. एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर कुरकुरत असेल तर हे आधी तपासा. मैदानातल्या ट्रॅकवर सगळे डावीकडे वळत फिरतात, तिथेही हेच. मात्र जिथे फुटपाथ नाही तिथे उजव्या कडेनेच चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अशा ठिकाणी दिशा बदलण्याऐवजी रस्ताच बदला. आणखी एक, नेहमीच्या फेरीत शेवटी येणारा उतार उलट फेरीत सुरुवातीलाच चढ होऊन येतो. थंड पोटऱ्यांनी त्यावर जाऊ नका, आधी पाच मिनिटं सपाटीवर चाला.

दुसरा बदल वेगाचा, आणि माझ्या लेखी सगळ्यात जास्त फळ देणारा. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांवर तो तपासला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच किंवा जास्त जोड्या, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस. पाच महिन्यांनी या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास, दोन्ही एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले होते, रक्तदाबही जास्त उतरला होता. पाऊण तासात हे चपखल बसतं: पाच मिनिटं सावकाश, मग पाच जोड्यांची तीस मिनिटं, शेवटी दहा मिनिटं निवांत.

भरभर म्हणजे किती? चार-पाच शब्दांचं वाक्य बोलता यावं, पण गप्पा मारता येऊ नयेत. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी पडतोय. एकही शब्द फुटत नसेल तर जास्त होतोय. पहिल्याच दिवशी पाच जोड्या करू नका. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, दोनच जोड्या. दुसऱ्या आठवड्यात तीन. पाचपर्यंत पोचायला महिना-सव्वा महिना लागला तरी चालेल. तीन मिनिटं जड जात असतील तर दोनपासून सुरू करा, पण सावकाश चालण्याची तीन मिनिटं कापू नका. ती कापली की पुढची भरभर चाल आपोआप मंदावते आणि शेवटी सगळं पुन्हा एकाच मध्यम वेगाचं होऊन बसतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे लांब ढांगा टाकणं. वेग वाढवायचा म्हटलं की माणूस पाय पुढे फेकतो. मग टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते, दर पावलाला ब्रेक लागल्यासारखं होतं, आणि चवडा सावकाश जमिनीवर टेकवणाऱ्या नडगीच्या पुढच्या स्नायूवर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीतच नडगी जळजळायला लागते ती यामुळे. उपाय असा: पावलं लहान ठेवा, संख्या वाढवा. पाय कमरेच्या जवळजवळ खाली पडला पाहिजे. १५ सेकंदांत २५ पावलं पडत असतील तर २९-३० वर न्या. कोपर काटकोनात वाकवा आणि हात मागे ओढण्यावर लक्ष द्या, ते छातीसमोर आडवे जाऊ देऊ नका. हातांचा ताल वाढला की पाय आपोआप मागोमाग येतात. हातात मोबाइल धरून हे जमत नाही, तो खिशात किंवा कमरेच्या पाउचमध्ये ठेवा.

वेग अंगवळणी पडला की चढ घ्या. ताशी पाच किलोमीटरने सपाटीवर चालायला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा त्याच वेगाने शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर लागते. म्हणून चढावर वेगाचा हट्ट नको. पुण्यात ही सोय दाराशी आहे: पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, आणि शहरातली सगळ्यात उंच वेताळ टेकडी. पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, त्यामुळे एका पायरीवर दोन पावलं पडतात आणि दर वेळी एकच पाय पुढे येत राहतो. मुद्दाम पाय बदला. चढताना सगळं पाऊल पायरीवर टेकवा. नुसत्या चवड्यावर चढलं की पोटरी आखडते. कमरेत वाकू नका, पुढे झुकायचंच तर घोट्यापासून झुका.

त्रास मात्र चढताना होत नाही, उतरताना होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, आणि या कामाची त्याला सवय नसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. तीन-चार दिवसांत हे आपोआप जातं, वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा टेकडी चढायची गरज नाही. पहिल्या खेपेला नेहमीच्या उत्साहाच्या निम्मंच चढा. उतरताना लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, उतार तीव्र असेल तर नागमोडी. गुडघ्याच्या वाटीमागे आधीच दुखत असेल तर इमारतीचा जिना वापरा: चढून जा, लिफ्टने खाली या. एका मजल्याला १८ ते २० पायऱ्या धरल्या तर पाच ते पावणेसहा मजल्यांत पर्वतीएवढ्या पायऱ्या होतात.

टेकडीसाठी बुटांची लेस वेगळी बांधा. उतारावर पाय बुटात पुढे घसरतो, अंगठ्याचं नख आतून आपटतं आणि काळं पडतं. सगळ्यात वरचं भोक बरेचदा रिकामं असतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून एक लहान फास करा, दोन्ही बाजूंच्या लेसा समोरासमोरच्या फासांतून काढा, खाली ओढून घट्ट करा आणि मग गाठ मारा. टाच मागे बसून राहते. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवीच.

पावसाळ्यात दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तळव्याची नक्षी झिजलेले बूट असतील तर ते चार महिने चढाचा व्यायाम जिन्यावरच करा.

तिसरा बदल वेळेचा, आणि तो विशेषतः साखर वाढलेल्यांसाठी. सकाळची ४५ मिनिटं फोडून तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चाला. साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या मोजक्या लोकांवरच्या २०१३ सालच्या एका छोट्या अभ्यासात रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला ही पद्धत सलग फेरीपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे शतपावली आहेच, पण हिशेब करा: मिनिटाला शंभर पावलांनी शतपावली एका मिनिटात संपते. इथे पंधरा शतपावल्या हव्यात, आणि त्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगून करावा आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

हे सगळे बदल एकदम करू नका. एक बदल, दोन आठवडे, मग पुढचा. एकदम केलं आणि गुडघा दुखला तर वेगाने दुखला की उताराने, हे कळायला मार्ग उरत नाही. जोड्यांचा दिवस आणि टेकडीचा दिवस लागून नको, मध्ये जुनी, ओळखीची सपाट फेरी ठेवा. दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं असेल तर ते सवय नसल्याचं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं असेल, किंवा चालताना वाढत जात असेल, तर तो बदल थांबवा. छातीत दडपण आलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर फेरी तिथेच सोडायची, बसायचं आणि लगेच १०८ ला फोन करायचा.