तो गेला काय गो?

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये.

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवले. काश्मीरच्या ट्रेकवरून परत येऊन चार दिवस झाले तरी राहूनच गेलं होतं. ते ओट्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, पसरून त्याचं शिसं तपासत बसले होते. शेजारी बसून मोबाइल त्यांच्या हातात दिला. सोनमर्ग, निचनई, घोडे, तंबू, सगळं त्यांनी अंगठ्याने भराभर पुढे सारलं. माशाशी आल्यावर थांबले. चष्मा वर केला, फोटो मोठा केला, कल्ला बघितला, शेपटी बघितली.

"सोरलास?"

"हो, सोडला."

"मंग तो गेला काय गो?"

मी हो म्हणाले. त्यांनी मोबाइल परत दिला आणि पुन्हा पागाकडे वळले.

पण तो गेलेला मी बघितलाच नाही.

मासा विशनसरच्या तळ्यात मिळाला. दुसरा मुक्काम. निचनईची खिंड उतरून आलो तेव्हा पाय बोलत होते, पाठीवर चौदा किलोंची सॅक. तंबू लागले आणि मी चहाही न घेता रॉड जोडून काठावर गेले. परवाना तिथल्या मत्स्यविभागाकडून रीतसर काढला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता. पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १२,००० फुटांवरचं, बोट घातलं की कळ कोपरापर्यंत जाते. वरच्या अंगाला किशनसर, त्याचं पाणी विशनसरमध्ये उतरतं, आणि विशनसरमधून पुढे किशनगंगा नदी. त्या उताराच्या तोंडाशी मी स्पून, म्हणजे चमच्यासारखं चकाकतं धातूचं आमिष, टाकत होते. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला होता, मासा सोडायचा हे ठाण्यातूनच ठरवून निघाले होते म्हणून.

तासभर काही नाही. मग झटका आला.

ब्राऊन ट्राउट. वीतभराहून थोडा मोठा. पाठ शेवाळी, पोट पिवळसर, अंगावर काळे ठिपके आणि मधेमधे लाल, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी बारीक कुंचल्याने एकेक गोल काढत बसल्यासारखं. हा मासा मुळात तिथला नाही. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून त्याची अंडी आणली, पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी जगली, आणि मग श्रीनगरजवळच्या हारवानला वाढवून ती पिल्लं काश्मीरच्या पाण्यात सोडली. हे सगळं मी जायच्या आधी वाचलं होतं. हातात आल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. तो थरथरत होता, मीही.

मग फोटो. पहिल्यात माझाच अंगठा आला. दुसरा हलला. तिसरा चांगला आला, तोच सगळ्यांना पाठवला. आता गादीवर पडून बघितलं तर फोटोच्या नावातच वेळ असते, सेकंदासकट. पहिला ६.४१.०७. तिसरा ६.४२.२९. एक मिनिट बावीस सेकंद, आणि पहिल्या फोटोआधी गळ काढायला लागलेला वेळ वेगळाच. आत्ता मोबाइलवर घड्याळ लावून तेवढा वेळ श्वास धरायचा प्रयत्न केला. पन्नासच्या आसपास सुटला. त्यातून तो दमलेला, ओढून आणलेला.

आणि फोटोत दिसतंय की माझ्या डाव्या हातात लोकरीचा मोजा तसाच आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडीवरचं कवच. हात ओला करून धरायचं असतं, लोकरीने तर तो थर सरळ पुसला जातो. हे मला माहीत होतं. मी कोळ्याची मुलगी आहे, मला कुणी सांगायला नको होतं.

पाण्यात धरला तेव्हा कल्ले हलत होते. थोडे. हाताला त्याचं वजन लागत होतं, म्हणजे तो स्वतःहून उभा नव्हता, मी धरला म्हणून उभा होता. जरा एका कुशीवर कलला. तेवढ्यात मागून हाक आली, "अगं इकडे बघ, एक फोटो अजून!" मी वळले. परत पाण्याकडे बघितलं तर हात रिकामा होता.

याला सोडणं म्हणायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम काठाने फिरले. पाण्यावर काही तरंगत नव्हतं, म्हणून मनाशी म्हटलं, गेला. आता कळतंय की त्याला अर्थ नाही. खाडीतला मेलेला मासा उन्हाने फुगून वर येतो. तिथलं पाणी इतकं थंड की तो तळाशीच पडून राहणार.

घोडेवाल्यांचा एक मुलगा बघत उभा होता. त्यानेही हेच विचारलं होतं, "छोड़ दिया?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवायला डाळ आणि भात होता.

खरं सांगायचं तर संध्याकाळी मला राग आला होता. दोन वर्षं पैसे साठवले, सहा महिने दर रविवारी येऊरला चढउतार केली, गुडघा धरून सात दिवस चालले, आणि घरात कुणी धड एक प्रश्न विचारू नये. ऑफिसात "मस्त गं", सोसायटीत "थंडी होती का", ताईने तर फोटोवर नुसता अंगठा दिला. आणि बाबांनी एवढ्या डोंगरांमधून काढून काढून एकच प्रश्न विचारावा, तोही माझ्याबद्दल नाही, माशाबद्दल. स्वयंपाकघरात भांडी घासताना मी चक्क रडले. नारळी पौर्णिमेला मी इथे नव्हते, तेही त्यात होतंच. पहिल्यांदाच नव्हते. बाबा एकटेच चेंदणीच्या बंदरावर गेले, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. गंगाबलच्या तळ्यावर काश्मिरी पंडित अस्थी सोडायला येत, हे गाइडने सांगितलं तेव्हा जे मनात आलं होतं, तेही कुणाला सांगितलेलं नाही. राहू दे.

पावसाळ्यात मासे धरल्याचं बाबांना खटकलं असेल, असंही मधे वाटून गेलं. नारळ वाहिल्याशिवाय ते पाण्याला हात लावत नाहीत, माशांच्या पोटात अंडी असतात म्हणून. तर ट्राउटची अंडी घालायची वेळ थंडीच्या तोंडावर असते हे मी त्यांना जेवताना ऐकवलं. त्यांनी "आसंल" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. त्यांचा प्रश्न तो नव्हताच.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर खाडीवर जायचे. पाग वर आला की बोय, शिंगाळे, कधी एखादा जिताडा, आणि बारकी पिल्लं. पिल्लं ते आधी काढायचे. मोठ्यांकडे नंतर. ओंजळ पाण्यात बुडवून हात उघडायचे आणि काढून न घेता तसेच ठेवायचे. मी विचारायचे, चला ना, कशाला थांबलात. ते म्हणायचे, "जाऊं दे ना त्यास." हे माझ्या डोळ्यांसमोर इतक्या वेळा झालंय, आणि त्या दिवशी मला आठवलं नाही.

खाडी आता तशी राहिली नाही. पाग महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर निघतो. तरी शिसं तपासतात.

साडेअकराला पाणी प्यायला उठले तर ते जागेच होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "बाबा, मी बघितलं नाही. तो गेला की नाही ते."

ते उठून बसले. रागावतील असं वाटलं होतं.

"कवरा पानी व्हता थय?"

"गुडघाभर. पुढे एकदम खोल."

"तल कसा?"

"दगड. मोठे मोठे."

"धार लागत व्हती?"

"हो, उताराच्या तोंडाशीच होते."

थोडा वेळ गप्प. डोळे मिटून ते पाणी बघत असावेत, कधीही न बघितलेलं.

"मंग दगराखाली शिरला आसंल," ते म्हणाले. "दमला का मासा आदी दगराखाली जातं." मग जरा थांबून, "आसंल."

म्हणजे त्यांनाही माहीत नाही. मला का कुणास ठाऊक, त्या दुसऱ्या "आसंल"ने बरं वाटलं. खोटं सांगून झोपवलं नाही त्यांनी मला.

अंगठ्याचा आणि हललेला, दोन्ही फोटो मोबाइलमध्ये ठेवले आहेत. तिसरा बाबांना हवा आहे, कागदावर काढून. उद्या स्टेशनजवळच्या स्टुडिओत देईन. रविवारी सकाळची भरती आहे, बंदरावर येतेस का असं त्यांनी आत जाताना विचारलं. मी हो म्हणाले.