बाबा हयात असताना बँकेला हवी होती ‘वारसांची’ ना हरकत

बाबांचं बँक खातं मला चालवता यावं म्हणून त्यांनी माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) केलं. ते करायला दोन दिवस पुरले. बँकेने थांबवलेलं तेच मुखत्यारपत्र पुन्हा चालू करून घ्यायला अकरा आठवडे गेले. त्यामुळे इथे करण्याबद्दल थोडं आणि थांबण्याबद्दल जास्त लिहिते आहे. भावंडांपैकी एकाने बँकेला एक साधं पत्र दिलं की काय होतं, हे मुखत्यारपत्र करताना ना वकील सांगतात ना बँक.

आधी करण्याचं. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 रुपयांच्या स्टँपचे दस्त किमान 500 रुपयांवर गेले आहेत, त्यामुळे जुना 100 चा कागद घरात पडलेला असेल तर तो वापरू नका. फक्त बँकेच्या कामासाठी नोंदणी सक्तीची नाही, नोटरी केलेलं बँका घेतात. तरी घरात मतभेदाची थोडीशीही शक्यता असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच घ्या. नोंदणीत फोटो आणि अंगठा असतो, आणि अधिकाऱ्यासमोर कबुली दिलेली असते. ‘सही घेतली’ या आरोपाला नोटरीच्या शिक्क्यापेक्षा ते फार भक्कम उत्तर आहे. आजारी किंवा अपंग माणसाला कार्यालयात यायला लागू नये म्हणून अधिकारी घरी येऊ शकतात, नोंदणी अधिनियम 1908 मध्ये तशी सोय आहे. अर्ज द्यावा लागतो आणि वेगळं शुल्क भरावं लागतं. प्रमाणित प्रती तेव्हाच तीन-चार काढून ठेवा.

आता मुद्द्यावर येते. माझ्या मोठ्या भावाने शाखेला एक पानी पत्र दिलं: वडिलांची मानसिक अवस्था ठीक नाही, मुखत्यारपत्र दबावाखाली करून घेतलं आहे, व्यवहार थांबवावेत. सोबत एकही वैद्यकीय कागद नव्हता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सहीचे चेक परत जायला लागले. शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, ‘घरात वाद आहे, सगळ्या वारसांची ना हरकत आणा, नाहीतर कोर्टाचा आदेश आणा.’

या वाक्याचा राग मला अजून येतो, कारण ते मुळातच चूक आहे. जिवंत माणसाला वारस नसतात. वारसा उघडतो तो मृत्यूनंतर. तोपर्यंत बाबांच्या कमाईच्या पैशावर ना माझा हक्क आहे, ना दादाचा, ना धाकट्याचा. खातं कोणी चालवायचं हे ठरवायला खातेदाराला मुलांची परवानगी लागत नाही. आणि भांडण चालू असताना भांडणाऱ्यानेच ना हरकत द्यावी ही अट घातली की तक्रार करणाऱ्याच्या हातात आपोआप नकाराधिकार येतो.

पण बँकेची भीती समजून घेतल्याशिवाय हे सुटत नाही, आणि ती समजायला मला पाच आठवडे लागले. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. काही देशांत क्षमता गेल्यानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणजे दादाचं पत्र खरं असतं तर माझ्या सहीवर दिलेला प्रत्येक रुपया बँकेच्या अंगावर आला असता. त्यामुळे बँकेपुढे प्रश्न एकच असतो: खातेदाराला आज कळतं आहे का, आणि त्याला ही व्यवस्था हवी आहे का? मी मात्र पाच आठवडे औषधांची बिलं आणि हिशेबाच्या वह्या नेऊन माझा प्रामाणिकपणा सिद्ध करत होते. तो कोणी विचारलाच नव्हता.

प्रश्न कळल्यावर फाईल नव्याने बांधली. तिच्यात काय हवं ते नीट सांगते.

सगळ्यात आधी खातेदाराचं स्वतःचं पत्र. बँकेकडच्या नमुना सहीशी जुळणारी सही, तारीख, खाते क्रमांक. मजकुरात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मुखत्यारपत्र अमुक तारखेला मी केलं, अमुक व्यक्तीला केलं, मुलाने हरकत घेतली आहे हे मला माहीत आहे, तरीही ही व्यवस्था मला चालू ठेवायची आहे. तिसरी ओळ लोक वगळतात. ती नसेल तर बँकेचा विधी विभाग म्हणतो की वडिलांना वाद सांगितलाच नसेल.

मग वैद्यकीय दाखला. आम्ही पहिला दाखला घरच्या डॉक्टरांचा नेला होता, त्यात एकच ओळ होती, ‘प्रकृती ठीक आहे’. तो परत आला आणि तो परत येणं योग्यच होतं. दाखला मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांचा घ्या. त्यात तपासणीची तारीख आणि वेळ, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, स्थळ-काळ-व्यक्तीचं भान आहे का, स्मरणशक्तीची कोणती चाचणी घेतली आणि 30 पैकी किती गुण मिळाले, हे सगळं यायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: ‘बँक व्यवहार आणि मुखत्यारपत्र म्हणजे काय, त्याचे परिणाम काय, हे रुग्णाला समजतं.’ नुसते गुण पुरत नाहीत. थोडा विसराळूपणा असलेल्या माणसालाही हा निर्णय समजू शकतो, आणि ज्याला बोलता येतं त्या प्रत्येकाला तो समजतोच असंही नाही. असा दाखला खरं तर मुखत्यारपत्राच्या दिवशीच घ्यायला हवा होता. तो असता तर दादाच्या पत्राला पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. कोणाला एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

तिसरी गोष्ट, बँकेच्या अधिकाऱ्याची घरी भेट. 70 वर्षांवरच्या आणि आजारी किंवा अपंग खातेदारांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत. अर्जात त्यांचा उल्लेख केला आणि भेट ठरली. अधिकारी आले की मुखत्याराने खोलीबाहेर जावं. मी गेले, आणि ‘मुखत्यार हजर नसताना खातेदाराशी बोलणं झालं’ असं भेटीच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगितलं. वीस मिनिटांत बाबांनी जे सांगितलं ते माझ्या पाच आठवड्यांच्या कागदांनी झालं नव्हतं.

दरम्यान एक फरक शाखेला वारंवार सांगावा लागला. हरकत मुखत्यारावर होती, खातेदारावर नव्हती. शाखेने मात्र अख्खं खातं थांबवलं होतं. बाबांनी स्वतः सही केलेला चेक अडवायला कोणताही आधार नव्हता. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी लेखी मागणी करा: थांबवायचं तर माझे अधिकार थांबवा, खातं नको. सही थरथरते म्हणून जुळत नसेल तर अंगठा चालतो. त्यासाठी बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शाखेची मेहेरबानी नाही.

तोंडी काहीही बोलू नका. ‘कोणत्या नियमाखाली व्यवहार थांबवला ते लेखी कळवावे’ असा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्या पोचेपासून 30 दिवस मोजायचे. तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, शुल्क नाही. आम्ही तक्रारीचा मसुदा तयार करून त्याची प्रत शाखेला दाखवली. ‘वारसांची ना हरकत’ हे शब्द शाखेला कागदावर लिहायचे नव्हते, आणि त्यानंतर फाईल विधी विभागाकडे खरोखर गेली. लेखी मागणी मी पाचव्या आठवड्यात केली. पहिल्या आठवड्यात करायला हवी होती.

या गडबडीत पेन्शनचं कळलं. बाबांची पेन्शन सरकारी आहे. अशा पेन्शन खात्यावर मुखत्याराला व्यवहार करता येत नाही. शाखेने आधी काही महिने माझे चेक वटवले होते, ती नजरचूक होती. चेकबुक आणि स्थायी सूचना (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन) मात्र चालतात. म्हणून बाबांच्या सहीने स्थायी सूचना दिली की दर महिन्याच्या 2 तारखेला ठरावीक रक्कम पेन्शन खात्यातून त्यांच्याच बचत खात्यात जावी, आणि मुखत्यारपत्र त्या बचत खात्यापुरतं. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये असतो, 80 पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो.

दादाबद्दलही लिहायला हवं. त्याच करार अधिनियमाचं कलम 213 सांगतं की मुखत्याराने मागणी झाल्यावर हिशेब द्यायचा तो मुखत्यारपत्र देणाऱ्याला. भावंडांना तो मागायचा थेट हक्क नाही. हे कायद्याने बरोबर आहे, आणि हेच मी दादाला फोनवर ऐकवलं. त्यानंतर आठ दिवसांत त्याचं पत्र शाखेत पोचलं. आता बाबांच्या लेखी संमतीने दर महिन्याच्या 5 तारखेला तिघांनाही एकच कागद जातो: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, शेवटची शिल्लक, आणि खात्याचा उतारा जोडलेला. खर्चाला पाच रकाने पुरतात: तारीख, रक्कम, कोणाला, कशासाठी, बिल क्रमांक. रोख काढायची नाही. काळजी घेणाऱ्या बाईंचा पगारसुद्धा बँकेतूनच. स्वतःच्या खिशातून खर्च झाला तर तो परत घेताना एका बिलाला एक व्यवहार, गोळाबेरीज रक्कम कधीही वळती करायची नाही. संशय नेमका अशा गोल रकमांवर येतो, आणि दादाने संशयास्पद म्हणून दिलेल्या यादीतल्या सातही नोंदी गोल रकमेच्याच होत्या. मी त्या सगळ्या बिलांनिशी जुळवून दिल्या, पण तीन रविवार गेले.

बाबांचा मोबाइल आपल्या हातात ठेवून त्यांच्या नावाचा ओटीपी टाकणं किंवा त्यांचं एटीएम कार्ड वापरणं म्हणजे मुखत्यारपत्राचा वापर नव्हे. तो व्यवहार कागदोपत्री बाबांनी केलेला दिसतो, आणि बाबा म्हणाले ‘मला आठवत नाही’ की आपण अडकलो. सही करताना बाबांचं नाव, त्याखाली ‘तर्फे मुखत्यार’ आणि मग आपलं नाव, असंच लिहायचं.

मसुद्याचं राहिलं. मुखत्यारपत्रातले अधिकार शब्दशः वाचले जातात. ‘बँकेचे सर्व व्यवहार’ एवढं लिहून ठेव मोडता येईलच असं नाही. खाते क्रमांक, शाखा, ठेव ठेवणं, नूतनीकरण, मुदतीआधी मोडणं, लॉकर उघडणं, आयकर विवरणपत्र, हे वेगवेगळं लिहा. मुखत्याराला मोबदला मिळणार असेल तर तेही तिथेच. स्वतःला किंवा मुलांना भेट देण्याचा अधिकार घेऊ नका, ते कलम असलेला कागद पाहूनच भावंडं बिथरतात. दोघांना मुखत्यार नेमत असाल तर ‘संयुक्तपणे’ की ‘संयुक्तपणे किंवा स्वतंत्रपणे’ हे ठरवा. पहिल्यात प्रत्येक चेकवर दोन सह्या, म्हणजे एक भाऊ परगावी असेल तर दवाखान्याचं बिल अडकणार. आम्ही आता 50,000 रुपयांपर्यंत एकाची सही आणि त्यावर दोघांची, असा पूरक दस्त केला आहे. दुसरी सही दादाची आहे.

बाबांना उद्या समजेनासं झालं तर हे सगळं थांबेल, याची तयारी आतापासून हवी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 ने जुना 1987 चा कायदा रद्द झाला, आणि त्यातली मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमायची सोय नव्या कायद्यात आली नाही. त्यामुळे अशा वेळी कुटुंबं उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद 226 खाली पालक नेमून घेण्यासाठी जातात. तिथे वैद्यकीय अहवाल आणि मालमत्तेची पूर्ण यादी लागते, इतर मुलांचं म्हणणंही विचारात घेतलं जातं. तिथे भावंडांची संमती खरंच उपयोगी पडते. बँकेच्या काउंटरवर तिला जागा नाही.

खातं सुरू झाल्याचं पत्र अकराव्या आठवड्यात आलं, दोन ओळींचं, कारण न देता. मी कारण मागणारा अर्ज दिला आहे आणि त्याची पोच फाईलला लावली आहे. घरी आलेल्या अधिकाऱ्यांकडून एक काम मात्र त्याच भेटीत उरकून घेतलं: नामनिर्देशन. ते मुखत्याराला करता किंवा बदलता येत नाही, खातेदाराचीच सही लागते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. बाबांनी तिघांची नावं दिली आणि टक्के स्वतःच्या हाताने भरले.