इशारा पातळी

कोल्हापूर, २४ जुलै, रात्रीचे साडेदहा

सकाळपासून ज्याच्या त्याच्या मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाण्याचा आकडा आहे. दुपारी ३६ फूट होता. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतं. आमच्या घरात मात्र आज दुसराच आकडा आला. दादाचा बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट, म्हणजे रक्तात कॅन्सरचं बिघडलेलं जनुक किती उरलंय त्याचा, ०.४ टक्के. एप्रिलमध्ये ०.०३ होता.

वहिनीनं फोनवर वाचून दाखवला तेव्हा मी बारावीच्या वर्गातून नुकतीच बाहेर पडले होते. सहा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. पोटात डावीकडे जड वाटतंय म्हणून दादा दाखवायला गेला आणि पांढऱ्या पेशी दीड लाखावर निघाल्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी.

कॉलेज सुटल्यावर थेट उद्यमनगरात गेले. दादा लेथशेजारी बसला होता. मला बघून म्हणाला, "इशारा का धोका, तेवढं सांग."

"इशारा. ०.१ च्या खाली राहायला पाहिजे. गोळ्या चुकवल्यास का?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "शनवार-रैवार घेत न्हवतो. रात्री पायात गोळे येत्यात गं. रिपोर्ट तर चांगलंच येत हुतं की."

"कधीपासून?"

"मे म्हैन्यापासनं."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की ही गोळी नेमकं काय करते, हे सहा वर्षांत मी त्याला एकदाही नीट सांगितलेलं नाही. दरवर्षी वर्गभर पोरांना विकरं, म्हणजे एन्झाइम्स, शिकवते, आणि सख्ख्या भावाला फक्त "गोळी चुकवू नकोस" एवढंच. तिथंच स्टूल ओढून बसले.

पैलवानापासून सुरुवात केली, कारण दादा लहानपणी तालमीत जायचा. स्नायूत साठवलेलं ग्लायकोजन फोडून साखर मोकळी करणारं एक विकर असतं. ते नेहमी तिथंच असतं, पण बरंचसं निजलेलं. १९५० च्या दशकात एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांना दिसलं की दुसरं एक विकर येऊन त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि ते जागं होतं. फॉस्फेट काढला की पुन्हा झोपतं. चिकटवणारं ते कायनेज. या कामाला १९९२ साली नोबेल मिळालं. माणसाच्या शरीरात अशी पाचशेवर कायनेज आहेत. पेशीनं कधी वाढायचं, कधी विभागायचं, कधी मरायचं, यातलं कितीतरी या चिकटवण्या-काढण्यावर चालतं.

"म्हंजे स्टार्टर," दादा म्हणाला. "आणि माझं काय बिघडलंय?"

एबीएल हे मुळात सरळ कायनेज, स्वतःला घडी घालून बंद ठेवणारं. पण दादाच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत कधीतरी ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि अदलाबदलीनं जोडले गेले. एबीएलच्या डोक्याचा बंद ठेवणारा भाग गेला आणि त्या जागी बीसीआरचा तुकडा आला. तो या प्रथिनांना एकमेकांजवळ ओढतो, ती एकमेकांना फॉस्फेट लावतात आणि सतत चालूच राहतात. पेशीला बाहेरून कुणी सांगो न सांगो, वाढत राहायचा हुकूम आतूनच.

"मोटरचा कॉन्टॅक्टर, चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय म्हण की. लाल बटन दाबलं तरी मोटर फिरतीच."

मी इतकी वर्षं शिकवते, मला हे सुचलं नव्हतं. मग मी त्याच्याच भाषेत पुढचं सांगितलं. कायनेजला फॉस्फेट एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, मिळतो, आणि एटीपी बसायला एक खाच असते. इमॅटिनिब जाऊन त्या खाचेत बसतं आणि विकराला बंद अवस्थेत धरून ठेवतं. कॉन्टॅक्टर दुरुस्त होत नाही, फक्त पट्ट्यांच्या मध्ये कागद सरकवलेला असतो. आणि हा कागद झिजतो. साधारण १८ तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं. तू दोन दिवस कागद काढून ठेवत होतास, दादा.

तो काही बोलला नाही. हातातलं सुताचं बोचकं पिळत राहिला.

घरी आल्यावर जुनी टिपणं काढून बसले. १९६० साली नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखवलं की तो तुकडा हरवलेला नाही, दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेलाय. १९७९ साली टोनी हंटर यांना कळलं की काही कायनेज टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतात. एबीएल त्यातलंच. हंटर यांनी ही आम्लं वेगळी करायचं बफर, म्हणजे ठरावीक पीएचचं द्रावण, ताजं केलं नव्हतं, त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरला होता, आणि म्हणूनच एरवी एकत्र दिसणारे दोन अमिनो आम्लांचे ठिपके वेगळे झाले. मी प्रॅक्टिकलला बफर ताजंच करायला लावते आणि लावत राहीन, पण ही गोष्ट मला फार आवडते. १९९८ साली ब्रायन ड्रुकर यांनी ही गोळी पहिल्यांदा रुग्णांना दिली, २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरुवातीपासून गोळी घेतलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के जण हयात होते. आणि १ एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पेटंट नाकारलं गेलं, भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी चालू राहिली. एका लेथवाल्याला ही गोळी आयुष्यभर परवडते ती त्यामुळे.

बहुतेक कॅन्सरमध्ये दहा ठिकाणी बिघाड असतात. दादाचा एका विकरावर उभा आहे, म्हणून एक गोळी पुरते. हेच मला धीर देतं आणि हेच घाबरवतं. या विकराच्या साखळीत ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं तर इमॅटिनिब त्या खाचेत बसूच शकत नाही. पुढची औषधं आहेत, पोनॅटिनिब आहे, पण ती वाट सोपी नाही. डॉक्टरांनी अशा बदलाची, उत्परिवर्तनाची, तपासणी लिहून दिलीय. पायातल्या गोळ्यांवर उपाय आहे, हेही ते म्हणाले. आधी सांगितलं असतं तर तेव्हाच दिला असता.

निघताना दादानं मशीनच्या तेलपाण्याची नोंदवही उघडली होती. शेवटच्या रकान्याशेजारी पट्टी धरून आणखी एक रकाना आखत होता.

पावणेअकराला वहिनीचा मेसेज आला. जेवला, गोळी घेतली, वर मोठा पेला भरून पाणी प्यायला. बंधारा ३६ फूट ८ इंच.