आमची वाटचाल : पैंजणांच्या दुकानातली पुरुषांची चेन

कोल्हापुरात गुजरीतलं चांदीचं दुकान म्हणजे पैंजण, जोडवी, वाळे, करदोटे आणि देवाची भांडी. आमचंही तसंच होतं. पैंजणांसाठी हुपरी जवळ असल्यामुळे मालाची कधी चणचण नव्हती. पुरुषांसाठी म्हणून कप्प्यात असायचे ते फक्त करदोटा आणि गोफ. पुढे तरुण मंडळी चेन मागू लागली, राजकोट आणि आग्र्याचा मशीनचा माल येऊ लागला, आणि आज दर्शनी काउंटरवर पुरुषांच्या चेनीच असतात.

या वाटेवर धंद्यात खरा बदल झाला तो गिऱ्हाइकाला विचारायच्या पहिल्या प्रश्नात. पूर्वीचा प्रश्न होता, "किती तोळ्यांत दाखवू?" आता विचारतो, "काम काय करता, आणि लॉकेट कुठलं अडकवणार?" या दोन उत्तरांवर कडीची घडण, जाडी आणि कुलूप जवळजवळ ठरून जातं. गिऱ्हाईक मात्र अजूनही आत पाऊल टाकता टाकता म्हणतं, "जाड दावा की!"

रोज अंगावर ठेवायची असेल तर आमची पहिली पसंती भरीव कर्ब. हिच्या कड्या वळवून, दाबून सपाट केलेल्या असतात. त्यामुळे ती मानेवर उलटीपालटी होत नाही, कडीला कडी घट्ट बसते, फटीत केस कमी अडकतात. बाजारात क्युबन म्हणतात ती हिचीच भरगच्च, गोलसर बहीण. दिसायला दमदार, पण जड. भरीव कर्बचं वजन जाडीच्या वर्गाने वाढतं, हे लक्षात ठेवलं की अंदाज चुकत नाही. 20 इंची चेन 3 मि.मी. रुंद असेल तर ठोकळ मानाने 10 ग्रॅम, 5 मि.मी.ला 25 आणि 7 मि.मी.ला 50 च्या आसपास. जाडी दुप्पट केली तर खर्च चौपट होतो. 7 मि.मी.ची चेन 20 ग्रॅममध्ये मिळत असेल तर ती बहुधा पोकळ आहे. पोकळ चेन दाराच्या कडीत अडकली, अंगाखाली आली की चेपते, आणि चेपलेली कडी पुन्हा गोल करता येत नाही. तापवून झाळायला (धातूचा डाख देऊन जोडायला) गेलं तर आतली हवा फुगून पत्रा फाटतो. लग्नाकार्यापुरती घालायची असेल तर चालेल.

फिगारो म्हणजे तीन आखूड कड्या आणि एक लांब. नुसतीच घालायला छान. पण लॉकेट लांब कडीत येऊन अडकतं आणि मधोमध राहत नाही. लॉकेटसाठी चौकोनी कड्यांची बॉक्स चेन बरी, लॉकेट तिच्यावरून सरळ सरकतं. 2 मि.मी.च्या आतली बॉक्स मात्र झटका लागला की तुटते. स्नेक चेन आम्ही पुरुषांना सहसा सुचवत नाही. रात्री अंगाखाली दबून एकदा मोड पडली की ती मोड जात नाही, कारण आत सुट्या कड्या नसतात, पत्र्याचे वळे एकमेकांत बसवलेले असतात.

रोप चेनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गोफाची सवय असलेली जुनी घरं तीच मागतात. गोफ तारांनी विणलेला असतो. रोपमध्ये बारीक कड्या एकमेकींत पीळ देऊन गुंफतात आणि ठरावीक अंतरावर झाळतात. चमक भरपूर, ताकदही चांगली. पण एक कडी गेली की शेजारचा पीळ सुटतो आणि दुरुस्ती केलेली जागा कायम ताठ राहते. शिवाय खाचा खोल असतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर दुकानात येणाऱ्या रोप चेनी आतपर्यंत गुलाबी असतात. गुलाल घामात भिजून खाचेत बसतो आणि त्याच्यासोबतची धूळ कड्या आतून घासते. यात्रेला, मिरवणुकीला जायचं तर कर्ब घाला किंवा चेन घरी ठेवा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेथवर, ड्रिलवर काम करणाऱ्याला आम्ही स्पष्ट सांगतो की कामावर चेन नको. चेन जितकी मजबूत तितका धोका मोठा, कारण फिरत्या शाफ्टमध्ये ती गेली तर तुटत नाही, माणसाला ओढते. फौंड्रीत भट्टीसमोरही तेच. चांदी उष्णता फार लवकर वाहून नेते आणि तापलेली चेन सरळ कातडीला चिकटते. तालमीत जाणारी पोरं चेन आधीच काढून ठेवतात, त्यांना सांगावं लागत नाही.

आता घडण. चांदी मुशीत वितळवून सळई ओततात, मग जंतरातून, म्हणजे भोकं असलेल्या पोलादी पट्टीतून, तार ओढतात. तार ओढली की कडक होते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. इथे घाई केली तर कडी वळवताना बारीक चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण काही महिन्यांनी चेन तिथेच तुटते. तार दांड्यावर गुंडाळून कापतात, कडीत कडी घालतात, टाकणखार लावून प्रत्येक सांधा झाळतात. भिंगाखाली पाहिल्यावर सांध्यात काळी रेघ दिसली तर झाळ पुरती वाहिलेली नाही. त्याउलट दोन कड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर झाळ जास्त झाली. चेन बोटावर घडी करून सरकवली की ती जागा ताठ लागते. असा माल आम्ही घाऊक व्यापाऱ्याला तिथल्या तिथे परत करतो.

गंमत अशी की दुरुस्तीला येणाऱ्या चेनी बहुतेक वेळा मधे तुटलेल्या नसतातच. कुलपाला जोडणारी शेवटची कडी उघडलेली असते. ती झाळलेली नसते, नुसती पक्कडीने दाबलेली असते. घेताना ती कडी नखाने चाचपा, फट लागली तर झाळून मागा. कुलपात खेकड्याच्या नांगीसारखं उघडणारं लॉब्स्टर सगळ्यांत भरवशाचं. स्प्रिंगची गोल रिंग 3 मि.मी.पर्यंतच्या चेनीला ठीक. जाड चेनीला एस हूक लावतात, पण झोपेत चेन सैल झाली की तो सुटू शकतो. लॉकेट आणलं असेल तर त्याच्या कडीतून कुलूप जातं का ते दुकानातच पाहावं, चेन जाते म्हणून कुलूप जाईलच असं नाही.

लॉकेटच्या वजनाचा आमचा ठोकताळा आहे, चेन निदान लॉकेटच्या दुप्पट वजनाची हवी. शिवमुद्रा, अंबाबाई, चांदीत मढवलेला रुद्राक्ष ही लॉकेटं जास्त खपतात. वाघनखही मागतात. चांदीची किंवा नकली नखाची प्रतिकृती देतो. खरं नख बाळगणं किंवा विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, त्यामुळे कुणी घरातलं जुनं नख मढवायला आणलं तरी आम्ही हात लावत नाही.

लांबीसाठी मानेच्या मुळाशी दोरा गुंडाळून मोजा. मान 15-16 इंच असेल तर 18 इंची चेन गळ्यालगत बसते, 20 इंची गळ्याच्या हाडावर, 22 त्याच्या खाली, आणि 24 शर्टाच्या आत झाकली जाते. जाड गोल चेन मात्र मोजली त्यापेक्षा आखूड बसते, कारण तिचा आतला घेर कमी असतो. 6 मि.मी.च्या रोपला हा फरक जवळजवळ 2 सें.मी. पडतो. म्हणून अशी चेन एक इंच जास्त घ्यावी.

शुद्धतेबाबत. 925 म्हणजे हजारात 925 भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदीची चेन मऊ पडते, कड्या ओढल्या जाऊन लांबतात, म्हणून तांबं लागतंच. पण नुसता 925 चा ठसा कुणीही मारू शकतो. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आला आहे. तो ऐच्छिक आहे, पण ज्या दागिन्यावर असेल त्याचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पडताळता येतो. लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच खरी. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तरी ते सहसा चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल चांदीच्या चेनीचं कुलूप किंचित ओढलं जातं, कारण आतली स्प्रिंग पोलादाची असते. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

बिलात वजन, टंच (शुद्धतेचं प्रमाण), दर आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. समजा दर ग्रॅमला 200 रुपये आणि मजुरी 30 धरली, तर 25 ग्रॅमच्या चेनीचे 5750 होतात, त्यावर 3 टक्के जीएसटी 172.50, एकूण 5922.50. दर शुद्ध चांदीचा लावला की 925 चा, हेही विचारा. 25 ग्रॅमच्या 925 चेनीत शुद्ध चांदी 23.125 ग्रॅमच असते.

चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे, भेसळीमुळे नव्हे. डिओडरंट आणि अत्तर अंगावर वाळल्यावरच चेन घाला. रबरबँडने बांधून ठेवू नका, रबरात गंधक असतो. बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी पुरते. धुवायला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, नंतर पूर्ण कोरडी करायची. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. जास्तच काळी झाली तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरून, वर चेन ठेवून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालतात, काळेपणा उतरतो. पण ऑक्सिडाइज्ड चेनीला हे करू नका. तिच्या खाचांतला काळा रंग मुद्दाम दिलेला असतो, तोही निघून जातो. रोडियम धातूचा मुलामा चढवलेली चेन बरेच दिवस काळी पडत नाही, पण मानेच्या मागे घासून मुलामा आधी जातो आणि मग चेन दोन रंगांची दिसते. पुन्हा मुलामा देता येतो, त्याचा खर्च वेगळा.

वर्षातून एकदा चेन ताणून कड्यांची आतली बाजू पाहावी. लॉकेट जिथे टेकतं तिथल्या कड्या आधी झिजतात. तार निम्मी उरली असेल तर तेवढ्याच कड्या बदलून मिळतात, अख्खी चेन मोडीत घालायची गरज नसते. मोडीत घालायचीच असेल तर बिल घेऊन या. मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही. झाळीत चांदीचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे चेन वितळवल्यावर टंच थोडा खाली येऊ शकतो. आम्ही वजन कुलूप काढून करतो आणि टंच गिऱ्हाइकासमोर काढतो.