2010 ते 2019

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

दुपारी कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन होतं. बारावीची मुलं सतरंजीवर, आम्ही चौघं खुर्च्यांवर. माझी ओळख वाचून दाखवली : डी.एड. 2010, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका 2019 पासून. मीच तशी लिहून दिली होती. मी बोललेही बरी. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, दीडशेपैकी खुल्या गटाला नव्वद गुण लागतात, पुढे भरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीत दोन तासांत दोनशे प्रश्न, चिकाटी सोडू नका, वगैरे. टाळ्या पडल्या.

मग मागून एक मुलगी उठली. "मॅडम, 2010 ते 2019 तुम्ही काय करत होता?"

"प्रयत्न चालू होते," मी म्हटलं आणि माईक शेजारी दिला.

तिने खोचून नव्हतं विचारलं. वहीवर पेन टेकवून थांबली होती. माझं उत्तर लिहूनही घेतलं तिने. तेच डोळ्यांसमोरून हलत नाही.

काय करत होते मी? झेरॉक्सच्या दुकानात होते. ॲडमिशनच्या दिवसांत रांग रस्त्यापर्यंत जायची. "ताई, पाठपोट काढा." मशीनमधून निघालेले कागद गरम असायचे, ते टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या आणि स्टेपल मारायची. दुसऱ्यांच्या गुणपत्रिका दिवसभर हातात. 2012 ला शिक्षकभरती बंद झाली. डिसेंबर 2013 च्या पहिल्या टीईटीत मी सहा गुणांनी राहिले. मधे एका खासगी शाळेत शिकवलं, तिथे सही एका आकड्यावर आणि हातात वेगळाच. 2017 च्या डिसेंबरला अभियोग्यता चाचणी, आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, यादी लागली ती ऑगस्ट 2019 मध्ये. तोवर आईने विचारायचं सोडलं होतं. भावाच्या लग्नात तर... जाऊ दे.

आमच्या वेळी कोण होतं सांगायला? गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली होती. दोन वर्षं कर, नोकरी पक्की, असं जो तो म्हणायचा. जागा किती आणि पास होणारे किती, हा हिशेब कुणी आमच्यासमोर मांडला नाही. खूप वर्षं मी या गोष्टीवर रडले आहे. आज लिहितानाही घसा दाटला.

आणि आज दुपारी मी काय केलं? त्या मुलीने नेमका तोच हिशेब मागितला आणि मी गिळला. लाज वाटली का? दुकानाची लाज नाही वाटत मला, त्याच पैशांवर फॉर्म भरले. मग तोंड का उघडलं नाही? शेजारी पुण्याहून आलेला इंजिनिअर बसला होता, समोर आमच्या मॅडम होत्या, त्यांना अभिमान वाटत होता... नाही, ही कारणं झाली. खरं तर ती नऊ वर्षं मीच अजून कुणाला दाखवत नाही. ह्यांनाही सगळी माहीत नाहीत.

असो. झालं ते झालं, माईक काही परत मिळत नाही. पण शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला मी मोकळी. उद्या मॅडमना फोन करून त्या वर्गावर एक तास मागते. नाही जमलं तर त्या मुलीपुरता कागद तरी पोचवते.

कागद घेतलाच आहे पुढ्यात. जून 2010. झेरॉक्सचं दुकान, सकाळी नऊ ते रात्री आठ, महिना अठराशे रुपये.