तुम्ही विचारलंत म्हणून: डोळा ठणठणीत असताना स्कॅन कशाला?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, लिफ्टमध्ये येतो आणि मशीनवर हनुवटी टेकवून बसलेला माणूसही तोंड न हलवता विचारतो. "ताई, शेवटची ओळ वाचून दाखवली की तुम्हाला, मग माझा फोटो कशाला?" मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी आहे, आमच्याकडे निरोगी डोळ्यांच्या कोरॉइडचे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या एका थराचे, ओसीटी (प्रकाशाने आतले थर दाखवणारे) स्कॅन चालू आहेत आणि माणसं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे शेजारी, नणंद, नवऱ्याचे ऑफिसवाले, कोणालाच सोडलेलं नाही. दरवेळी घाईत अर्धंच उत्तर देते. आज पूर्ण लिहिते.

डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे रेटिना, सगळ्यांना माहीत असतो, घरात कोणाला शुगर असेल तर जरा जास्तच. त्या पडद्याच्या मागे आणि डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक थर असतो, तो कोरॉइड. डोळ्यात येणारं बहुतेक रक्त इथेच खेळतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना खाऊपिऊ घालायचं काम मुख्यतः ह्याचं, आणि पडद्याच्या अगदी मधोमध, जिथे आपण पेपरमधली बारीक अक्षरं वाचतो ना, तिथे रेटिनाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतातच, सगळी भिस्त कोरॉइडवर.

एवढा महत्त्वाचा थर, पण जिवंत माणसात तो नेमका किती जाड असतो हे बरीच वर्षं धड मोजताच येत नव्हतं. माणूस गेल्यावर डोळ्याचे काप करून बघायचे, तर त्यातलं रक्त उतरलेलं असतं, थर बसलेला असतो, म्हणजे पाणी सोडून दिलेला पाइप बघून त्यातला दाब सांगायचा तसला प्रकार. सोनोग्राफीत इतकं बारीक दिसत नाही. 1991 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या मंडळींनी ओसीटी जगासमोर आणलं, हीसुद्धा एक प्रकारे सोनोग्राफीच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. त्यात रेटिना सुरेख दिसू लागला, थर न थर मोजता येईल असा, पण त्याच्याखाली गडद रंगद्रव्याचा एक थर असतो, तो प्रकाश विखरून टाकतो आणि त्यामागचं सगळं धूसर.

मग 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड स्पेड ह्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्याला मी तरी प्रेमाने जुगाडच म्हणते. मशीन तेच, फक्त डोळ्याच्या आणखी जवळ सरकवलं. त्याने चित्र उलटं होतं, पण मशीनची नजर जिथे सगळ्यात तीक्ष्ण असते तो भाग नेमका कोरॉइडकडे येतो, मग एकाच जागेचे कितीतरी फोटो घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि खालची हद्द दिसायला लागते. नवीन खर्च जवळपास शून्य! आता तर 1050 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरणारी मशीनं आलीत, तो प्रकाश त्या रंगद्रव्यातून जास्त आरपार जातो. जुन्या मशीनवर बसलात तर एक फिकट लाल रेघ सरकताना दिसते, ह्या नव्यात तीही दिसत नाही, मग लोक विचारतात, "चालू झालं का?" अहो, झालं पण.

आता मूळ मुद्दा. 2009 मध्ये 30 निरोगी माणसांचे 54 डोळे मोजले गेले, सरासरी वय पन्नाशीचं, तर मधोमध कोरॉइडची जाडी सरासरी 287 मायक्रॉन निघाली, म्हणजे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त, लग्नपत्रिकेचा जाड कार्डपेपर धरा. नाकाच्या बाजूला तो पातळ होत जातो. वयाच्या दर दहा वर्षांमागे साधारण 16 मायक्रॉन कमी. मोठा मायनस नंबर असेल तर डोळा लांबट होतो आणि कोरॉइड ताणला जातो, अशा डोळ्यांच्या एका गटात सरासरी 93 आली होती, आणि उलट पडद्याखाली पाणी साठणाऱ्या एका आजारात ती 505. म्हणून एकटा आकडा कोणी दाखवला की मी आधी वय विचारते, मग चष्म्याचा नंबर, आणि मग वेळ.

हो, वेळ. हे मी चूक करून शिकले. सुरुवातीला एका काकांचा स्कॅन सकाळी केला, आणि काही फ्रेम हलल्या म्हणून त्यांना संध्याकाळी परत बोलावलं, तर जाडी तीसेक मायक्रॉनने कमी. मी मशीनला दोष दिला, मग माझ्या मोजण्याला, कारण खालची हद्द कधीकधी इतकी पुसट असते की मी आणि माझी सहकारी दोघी जणी रेघ ओढायला बसलो तर दोन जागी ओढतो. पण दोघींचे आकडे जुळत होते. नंतर वाचलं की कोरॉइड दिवसभरात खरंच कमीजास्त होतो, पहाटे-सकाळी जाड, दुपारनंतर बारीक, आणि तीसेक मायक्रॉनचा फरक निरोगी डोळ्यात अगदी नेहमीचा. म्हणजे काकांचं वीस वर्षांचं म्हातारपण एका दिवसात येऊन जातं म्हणा ना! कॉफीनेही तो काही तास थोडा आकसतो.

आता सांगा, तुमच्यासारख्यांचे डोळे मोजलेच नाहीत तर आजारी डोळा समोर आल्यावर हा आकडा जास्त की कमी हे कशावरून ठरवायचं? मशीन मायक्रॉन सांगतं, पण तो माणूस आपल्या वयाच्या आणि आपल्या नंबरच्या इतर चांगल्या डोळ्यांत कुठे बसतो ते सांगायला आधी ते चांगले डोळे हवेत की नाही. आणि त्यातही सगळे एकाच वेळेला बसलेले, नाहीतर सकाळच्या डोळ्याची तुलना संध्याकाळच्या डोळ्याशी.

स्पर्श नाही, सुई नाही, आमच्या ह्या स्कॅनसाठी ड्रॉपही टाकत नाही, दहा मिनिटांत मोकळे. फक्त सकाळी साडेनऊलाच या आणि कॉफी न पिता या. स्कॅन झाल्यावर मी पाजते.